डॉक्टरांच्या नावानं उघडलेली फाईल

त्या दवाखान्याच्या काउंटरवर बसणाऱ्या बाईंना सगळे भाभी म्हणायचे. डॉक्टर म्हणायच्या, आया म्हणायच्या, पेशंटचे नातेवाईक दुसऱ्या खेपेला आले की तेही म्हणायचे. भाभी कोल्हापूरला लागूनच्या उचगावच्या. नवऱ्याचं गावातच मोटारसायकलींच्या सीटा शिवायचं दुकान. बारावीनंतर लग्न झालं, दोन्ही मुली शाळेत जायला लागल्यावर त्या नोकरीला लागल्या, आणि मी त्यांना भेटले तेव्हा त्याच खुर्चीवर त्यांना बरीच वर्षं झाली होती. आवाज असा की जिन्यात बसलेल्या माणसालाही आपला नंबर आल्याचं कळायचं.

मी तिथं गेले ते आमचा प्रोग्रॅम बसवायला. मी आणि माझा कॉलेजातला एक मित्र, आम्ही दोघांनी राजारामपुरीत एका बेकरीच्या वर दोन खोल्या घेतल्या होत्या आणि लहान दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करत होतो. तो बोलायचा, गिऱ्हाइकं आणायचा. मी प्रोग्रॅम लिहायचे. मी मूळची चंदगडची. कोल्हापुरात इतकी वर्षं काढली तरी मला इथल्यासारखं मोठ्यानं बोलता येत नाही. भाभींना ते पहिल्याच दिवशी खटकलं. "मॅडम, जरा खणखणीत सांगा की. काय चोरून आणलंय काय?" असं म्हणून त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि अर्ध्या तासात सगळं शिकून घेतलं.

दवाखाना बायकांचा होता. बाईच्या आयुष्यातल्या अशा गोष्टी तिथं लिहून ठेवलेल्या असतात, ज्या तिच्या घरातही सगळ्यांना ठाऊक नसतात. डॉक्टर बाईंनी काम देतानाच सांगितलं होतं, "काउंटरवर फक्त नाव, मोबाईल नंबर आणि पुढची तारीख, एवढंच दिसलं पाहिजे. आतलं पान मी आणि माझी सहायक डॉक्टर, आम्ही दोघीच उघडू." मी हो म्हटलं. त्या सगळ्या प्रोग्रॅममध्ये मी जर कुठला भाग खरोखर मन लावून लिहिला असेल, तर तो हाच.

तो कसा लिहिला हे थोडं सांगावं लागेल, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं. संगणकावर चालू असलेला प्रत्येक प्रोग्रॅम कुणाच्या तरी नावानं चालत असतो. त्या नावाला जे उघडायची परवानगी असेल, तेवढंच त्याला उघडता येतं. चालू असलेल्या प्रोग्रॅमला आम्ही प्रोसेस म्हणतो. एकाच प्रोसेसला एकाच वेळी अनेकांची कामं करायची असतात, म्हणून तिच्या आत काम करणारे थ्रेड असतात. माझ्या प्रोग्रॅममध्ये असे आठ थ्रेड होते. काम आलं की जो मोकळा असेल तो ते उचलायचा. संपलं की पुढच्या कामाची वाट बघायचा.

आता प्रोसेस चालायची ती काउंटरच्या माणसाएवढ्याच अधिकारानं. पण थ्रेडला थोड्या वेळापुरतं दुसऱ्याचं नाव घेता येतं. डॉक्टर बाईंनी सकाळी पासवर्ड टाकलेला असायचा. त्यांनी एखादं पान मागितलं की त्या कामावरचा थ्रेड त्यांचं नाव घ्यायचा, पान उघडून त्यांच्या पडद्यावर पाठवायचा, आणि काम झालं की ते नाव सोडून पुन्हा साधा व्हायचा. काउंटरवरून काही मागितलं तर कुणाचंच नाव घ्यायची गरज नव्हती. तेच पान मागितलं तरी प्रोसेसच्या अधिकारात त्यातल्या तीन ओळीच उघडायच्या. म्हणून तिथं ती पायरीच मी ठेवली नव्हती. ठेवली असती तर एक ओळ जास्त लिहावी लागली असती, एवढंच.

वर्षभर प्रोग्रॅम सुरळीत चालला. मग जे झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. इथं सलग सांगते.

एका मंगळवारी जोतिबाच्या डोंगरावरून एक बाई तपासणीला आली. तिचं गाव आणि घरचा धंदा मी मुद्दाम बदलून लिहिते आहे. देवळाच्या वाटेवर सासरचं नारळ-गुलालाचं दुकान, तिला पाचवा महिना, सोबत नणंद. नणंद नर्सिंगचं शिकत होती. तपासणी आटोपल्यावर दोघी पुढची तारीख घ्यायला काउंटरवर आल्या. भाभींनी यादीतल्या नावावर टिचकी मारली. एरवी तीन ओळींची चौकट उघडायची. त्या दिवशी अख्खं पान उघडलं. अगदी वर, ठळक अक्षरांत, लग्नाच्या आधीपासून फिट येतात आणि त्याची गोळी चालू आहे, असं लिहिलेलं. भाभींनी झटकन पडदा फिरवला आणि पान बंद केलं. पण नणंद काउंटरच्या कडेला, पडद्याच्या बाजूलाच टेकून उभी होती. तिला दोन ओळी वाचायला तेवढा वेळ पुरला. तिथं ती काही बोलली नाही. घरी जाऊन बोलली.

नवऱ्याला आजार ठाऊक होता. लग्न ठरतानाच मुलीनं स्वतः सांगितलं होतं. सासूला मात्र दोघांनी मिळून सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नवरा दवाखान्यात आला. तो आरडाओरडा करायला आला नव्हता, असं भाभी नंतर म्हणाल्या. कपाळावर गुलाल तसाच होता, म्हणजे दुकानातून उठूनच आला असणार. त्यानं व्यवस्थापकांसमोर उभं राहून एवढंच विचारलं, "आमच्या घरातली गोष्ट तुमच्या काउंटरवर कशी काय लागली, तेवढं सांगा."

व्यवस्थापक एका बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ होते. सभ्य, हळू चालणारे, कागदावर विश्वास असणारे. त्यांनी मला फोन केला. "ते पान कुणी उघडलं, तुमच्या प्रोग्रॅममध्ये दिसतं का?"

दिसतं की, म्हटलं. कुणाच्या नावानं, किती वाजता, कुठल्या संगणकावरून काय उघडलं, याची नोंद प्रोग्रॅम आपोआप ठेवतो. तिला आम्ही लॉग म्हणतो. मी तो काढला. ओळ स्वच्छ होती. अकरा वाजून बारा मिनिटं, काउंटरचा संगणक, नाव डॉक्टर बाईंचं. मी ती छापून पाठवून दिली. मला आठवतं, मनात थोडा अभिमानच होता, की विचारल्याबरोबर दहा मिनिटांत उत्तर देता आलं.

अकरा वाजता डॉक्टर बाई ऑपरेशन थिएटरमध्ये गेल्या होत्या. व्यवस्थापकांचा पुन्हा फोन आला. "म्हणजे काउंटरवरून कुणीतरी डॉक्टरांचा पासवर्ड टाकला, असाच अर्थ होतो ना?"

"लॉगवरून तरी तसंच दिसतंय," मी म्हटलं.

त्याच संध्याकाळी भाभींना सांगण्यात आलं, की चौकशी होईपर्यंत घरी थांबा. मला हे कळलं तेव्हा वाईट वाटलं. पण ते वाईट वाटणं त्यांच्याबद्दल होतं. एवढी चांगली बाई, असं कशाला केलं असेल, अशा जातीचं. आपल्याकडं काही चुकलं असेल असा विचार मला शिवलाही नाही.

तो विचार आला दोन दिवसांनी, तोही एका कागदामुळं. व्यवस्थापकांना लेखी हवं होतं. "तुमच्या लेटरहेडवर, सहीनिशी लिहून द्या, की काउंटरवरून डॉक्टरांचा पासवर्ड वापरून पान उघडलं गेलं. किती वाजता टाकला, तेही घाला." मी लिहायला बसले आणि ती वेळ शोधू लागले. पासवर्ड टाकून कुणी आत आलं की त्याचीही वेगळी ओळ पडते. डॉक्टर बाईंची त्या दिवशीची एकच ओळ होती. सकाळी सव्वानऊची, त्यांच्या वरच्या खोलीतल्या संगणकावरून. काउंटरच्या संगणकावरून दिवसभरात एकच माणूस आत आलं होतं, पावणेनऊला. ते म्हणजे भाभी, स्वतःच्या पासवर्डनं.

म्हणजे पान डॉक्टरांच्या नावानं उघडलं होतं, पण त्या नावानं तिथं कुणी आत आलंच नव्हतं. मी दोन्ही याद्या समोरासमोर ठेवून पुन:पुन्हा वाचल्या. काही केल्या मेळ बसेना. सही करायला घेतलेला कागद मी ड्रॉवरमध्ये सारला आणि भाभींना फोन लावला. त्यांनी उचलला नाही. दुसऱ्यांदा कट केला. सकाळी उठून मी स्कूटर काढली आणि उचगावला गेले.

दुकान विचारत गेले, घर त्याच्या मागंच होतं. दारात रेक्झिनचे तुकडे पडलेले, आतून शिवणयंत्राचा आवाज. भाभींच्या सासूबाई उंबऱ्याशी लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आत वळून म्हणाल्या, "दवाखानेवाली आयी है."

भाभी बाहेर आल्या. दवाखान्यात कायम इस्त्रीची साडी असायची. इथं गाऊनवर ओढणी घेतलेली. त्यांनी "या" म्हटलं नाही, पण खुर्ची पुढं केली.

"कागद द्यायला आलाय काय?" त्यांनी विचारलं.

"नाही भाभी. विचारायला आलेय."

"तुमी इचारणार? दहा मिन्टात कागद काढून दिलासा, तवा न्हाई इचारलं." मग जरा थांबून म्हणाल्या, "लॉग तुमचा, कागद तुमचा, आन् घरात बसलोय मी."

कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना "बसलोय", "जातो" असंच म्हणतात, ते मला एरवी फार आवडतं. त्या दिवशी ते वाक्य ऐकून मान वर करता आली नाही.

"तुम्ही डॉक्टर बाईंचा पासवर्ड टाकला नव्हता. ते मला आता माहीत आहे," मी म्हटलं. "तशी नोंदच नाही. पण मग पान कसं उघडलं, हे मला कळत नाहीये. त्या सकाळी काय-काय झालं, सगळं सांगा. फालतू वाटलं तरी सांगा."

त्यांनी आत वळून चहा ठेवायला सांगितला, आणि बोलायला लागल्या. गर्दी किती होती, कोण आधी आलं, कुणी नंबरावरून भांडण काढलं. "जोतिबाच्या बाईचं नाव दाबलं. पासवर्ड-बिसवर्ड काय न्हाय. नाव दाबलं आन् आपसूक उघडलं समदं. माझंच काळीज लकाकलं."

"त्याच्या आधी? संगणक हळू चालत होता का? बंद पडला होता?"

"माझा न्हाई. डॉक्टर बाईंचा पडलता."

"कधी?"

"थिटरात जायच्या आदी. इंटरकॉमवर फोन आलता त्यांचा. भाभी, माझं नुसतं चाक फिरतंय, रिपोर्ट उघडंना, तुमचं चालतंय का? मी म्हटलं, चालतंय की. मग बाई म्हणाल्या जाऊ दे, येऊन बघते, आन् गेल्या."

मी चहाचा कप खाली ठेवला. डॉक्टर बाईंचं काम उचललेला थ्रेड. त्यानं त्यांचं नाव घेतलं. पान उघडायला गेला, ते उघडलं नाही. मग नाव सोडलं का? काम नीट झालं तर सोडायचं, हे मी लिहिलं होतं. काम फसलं तर?

"काय झालं, मॅडम?"

"मला ऑफिसला जायला पाहिजे," मी म्हटलं. "मला वाटतं, चूक माझी आहे. पण बघून सांगते. आज सांगते."

भाभींच्या सासूबाई उंबऱ्यावरून बाजूला सरकल्या आणि मला वाट दिली.

ऑफिसात पोचल्यावर मी आधी तो कोड उघडला. शोधावं लागलं नाही. पान उघडताना अडचण आली तर प्रोग्रॅम दुसऱ्या वाटेनं जायचा, पडद्यावर "पुन्हा प्रयत्न करा" असं दाखवायचा आणि काम संपवायचा. त्या वाटेवर नाव सोडायची ओळ नव्हती. मी ती लिहिलीच नव्हती. थ्रेड डॉक्टरांचं नाव घेऊन तसाच मोकळ्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला होता. पुढं काउंटरवरून काम आलं आणि ते नेमकं त्यानंच उचललं. काउंटरच्या कामाला नाव घ्यायची पायरी मी ठेवली नव्हती, म्हणजे आधीचं नाव पुसलं जायची ती दुसरी संधीही नव्हती. त्यानं डॉक्टरांच्या अधिकारानं पान उघडलं, आणि लॉगमध्ये इमानेइतबारे डॉक्टरांचंच नाव लिहिलं.

तरी डोळ्यांनी बघायचं होतं. आमच्याकडं चाचणीसाठी तसाच संगणक ठेवलेला होता, आणि तपासण्यांचे स्कॅन साठवायची पेटी वेगळी, दवाखान्यात होती तशीच; पान उघडताना स्कॅन तिथूनच यायचे. मी डॉक्टर म्हणून आत गेले, एक पान मागितलं आणि मधेच त्या पेटीची केबल ओढून काढली. चाक फिरत राहिलं. "पुन्हा प्रयत्न करा" आलं. केबल परत जोडली आणि दुसऱ्या संगणकावरून, काउंटर म्हणून, एका नावावर टिचकी मारली. तीन ओळी. पुन्हा मारली. तीन ओळी. आठात एकच थ्रेड बिघडलेला, तो कधी हाती लागेल सांगता येत नव्हतं. सहाव्या खेपेला अख्खं पान माझ्यासमोर उघडलं.

फसलेल्या कामांची यादी प्रोग्रॅम दुसऱ्याच फाईलमध्ये लिहायचा. तीही दवाखान्याच्या संगणकावरून मागवून बघितली. मंगळवार, दहा वाजून अठ्ठावन्न मिनिटं, डॉक्टर बाईंची खोली, स्कॅनची पेटी सापडत नाही. ती फाईल मी आधी उघडूनही पाहिली नव्हती.

माझा मित्र, म्हणजे भागीदार, दुपारी आला. त्याला सगळं दाखवलं. तो खुर्चीत मागं रेलला. तसा तो माणूस वाईट नाही, हे सांगायला हवं.

"दोन ओळींची दुरुस्ती आहे ना?" तो म्हणाला. "आज घालून टाक. आणि व्यवस्थापकांना सांगू, की पासवर्ड वापरल्याचा पुरावा मिळत नाही. बाईंना परत घेतील. चूक आमची, असं लेखी कशाला द्यायचं? उद्या दुसरे दवाखाने विचारतील."

"पुरावा मिळत नाही म्हणजे तिनं केलं असेल, पण सापडलं नाही, असं होतं रे," मी म्हटलं. "ती त्या खुर्चीवर परत बसेल आणि सगळे तिच्याकडं तसंच बघतील."

"आणि आपल्याकडं?"

"आपल्याकडं बघू देत की."

तो हसला नाही, पण चिडलाही नाही. "मी पण येतो," म्हणाला. "एकटी गेलीस तर हळू आवाजात सांगशील आणि त्यांना ऐकूच जाणार नाही."

दुरुस्ती लगेच घातली. दोन्ही वाटांवर नाव सोडायची ओळ, आणि काउंटरच्या कामाआधीही नाव पुसून घ्यायची पायरी. मग एक पानभर लिहिलं. काय झालं, का झालं, लॉगमधलं नाव कसं चुकीचं होतं, आणि काउंटरवरच्या बाईंनी फक्त त्यांचं नेहमीचं काम केलं होतं. हे शेवटचं वाक्य मी चार वेळा लिहून खोडलं. एकदा लांबलं, एकदा फारच कोरडं झालं. संध्याकाळी भाभींना फोन केला. या वेळी त्यांनी उचलला. मी सांगितलं. पलीकडून येणारा शिवणयंत्राचा आवाज थांबला. त्यांनी नवऱ्याला हातानं थांबवलं असावं.

"म्हंजे तुमचा प्रोग्रॅम माझ्याकडनं डॉक्टर होऊन बसला," त्या म्हणाल्या.

"हो."

"आन् कागदावर बी तसंच लिहिलं."

"हो, भाभी. मला माफ करा."

"उद्या दवाखान्यात सांगा. मग बघतो."

दवाखान्यात डॉक्टर बाईंच्या खोलीत आम्ही चौघं बसलो. मी सांगायला सुरुवात केली आणि व्यवस्थापकांनी वहीत लिहून घ्यायला. थ्रेड हा शब्द त्यांनी दोनदा विचारला. "म्हणजे एकाच प्रोग्रॅमच्या आत प्रत्येकाचं नाव वेगळं असू शकतं?" असू शकतं, म्हटलं, आणि म्हणूनच ते जपावं लागतं. शेवटी डॉक्टर बाईंनी एवढंच विचारलं, "असं आधी किती वेळा झालं असेल?"

तो प्रश्न मी रात्री स्वतःला विचारला होता, आणि उत्तर काढूनच आले होते. डॉक्टरांच्या नावानं पण काउंटरवरून उघडलेलं पान, वर्षभरात आणखी एकच होतं. त्यावरची पेशंट दवाखान्यातलीच एक आया होती, आणि त्या वेळी पडद्यासमोर भाभींशिवाय कुणी नसावं. भाभींनी ते कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. पुढं मी त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "चुकून उघडलं, बंद केलं. सांगायचं काय त्यात?"

डॉक्टर बाई रागावल्या, पण आवाज न चढवता. मला त्यांनी जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही. ते बरोबर होतं. मग त्यांनी इंटरकॉम उचलून भाभींच्या घरचा नंबर लावायला सांगितला. जोतिबाच्या बाईला आणि तिच्या नवऱ्याला आपण स्वतः बोलावून खरं ते सांगू, असंही म्हणाल्या. "तुम्ही यायचं नाही त्यात," मला म्हणाल्या. "ती कोण आहे हे तुम्हाला कळायचंच कारण नव्हतं." तेही बरोबर होतं.

भाभी मात्र लगेच आल्या नाहीत. त्यांनी निरोप पाठवला, की तो मॅडमचा कागद बोर्डावर लावा, मग येतो. व्यवस्थापकांना ते पसंत नव्हतं. दवाखान्याची चूक दवाखान्याच्याच भिंतीवर कशी लावायची? शेवटी पेशंटचा उल्लेख काढून एक छोटा मजकूर तयार झाला आणि कर्मचाऱ्यांच्या खोलीत, हजेरीच्या मशीनच्या वर लागला. काउंटरवरून कोणताही पासवर्ड वापरला गेलेला नाही, दोष सॉफ्टवेअरचा होता, खाली माझी सही. आठवडाभर तो तिथं होता. भाभी दुसऱ्या दिवशी आल्या, तो उभ्यानं वाचला, अंगठा लावला आणि खुर्चीवर जाऊन बसल्या.

आमचा करार त्यांनी वर्षअखेरीस पुढं चालू ठेवला, पण डॉक्टर बाईंची एक अट होती. दोन ओळींच्या दुरुस्तीवर त्यांचं समाधान झालं नव्हतं. "उद्या तुम्ही आणखी एक ओळ विसरलात तर?" म्हणून मी पद्धतच बदलली. आतलं पान उघडायचं काम मुख्य प्रोग्रॅममधून काढून घेतलं आणि एका वेगळ्या छोट्या प्रोसेसकडं दिलं. ती फक्त दोन डॉक्टरांच्या संगणकांशी बोलते. एका प्रोसेसमधले थ्रेड एकमेकांच्या अगदी जवळ असतात, एकाचं राहिलेलं दुसऱ्या कामाला लागू शकतं. दोन वेगळ्या प्रोसेसमध्ये तसं होत नाही. काउंटरच्या प्रोसेसला आता डॉक्टरांचं नाव घ्यायची परवानगीच नाही. मी विसरले तरी तिला ते जमणार नाही. हे सगळं लिहून तपासायला दीड महिना लागला. भागीदार एकदाही "कधी होणार" असं म्हणाला नाही.

ते बसवायला गेले त्या दिवशी मी काउंटरच्या आतल्या बाजूला, भाभींच्या शेजारी स्टूल घेऊन बसले होते. भाभी माझ्याशी बोलायच्या, पण कामापुरतं. बिस्किटांचा पुडा मधे ठेवला होता, एवढं खरं. साडेदहाच्या सुमारास एक बाई काउंटरवर आली. सातवा-आठवा महिना असेल. सोबत कुणी नव्हतं. भाभी एकदम उभ्या राहिल्या, आणि मला कळलं ही कोण. मी कीबोर्डकडं बघायला लागले.

"बसा की," ती भाभींना म्हणाली. "मला बघून उठताय काय?"

"बरं हाय न्हवं?" भाभींनी विचारलं. "घरात?"

"आत्याबाई आठ-धा दिस बोलल्या न्हाईत. आता बोलत्यात, पर पैल्यागत न्हाई. नणंद लई रडली माझ्यापुढं. गोळी तेवढी आता उघड्यावर घेतो, सगळ्यांच्या म्होरं." तिनं ओढून श्वास घेतला. "लपवायचं सरलं, ते बरं झालं म्हणायचं का वाईट, अजून कळंना मला."

"माझ्या हातनं झालं ते," भाभी म्हणाल्या.

"तुमच्या हातनं न्हाई झालं. डॉक्टरनी सांगितलंय आमाला."

मला डॉक्टर बाईंनी यात पडू नका म्हटलं होतं. पण शेजारी बसून गप्प राहणं मला जमलं नाही. मी उठले. "ताई, तो प्रोग्रॅम मी लिहिला आहे. चूक माझी होती," मी म्हटलं, आणि या वेळी आवाज पुरेसा मोठा निघाला असावा, कारण बाकावरच्या दोन बायकांनी वर पाहिलं.

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, पण नीट बघितलं. मग ती म्हणाली, "आता केलंय का दुरुस्त?"

"केलंय. आज त्यासाठीच आलेय."

"मग माझं नाव दाबून दाखवा."

भाभींनी माझ्याकडं पाहिलं, मी मानेनंच हो म्हटलं. त्यांनी यादीतल्या नावावर टिचकी मारली आणि पडदा स्वतःहून तिच्याकडं वळवला. मी बाजूला सरकले, मला दिसू नये म्हणून. तिनं काउंटरवर दोन्ही हात टेकवून, पुढं वाकून वाचलं. वेळ घेतला.

"तीनच ओळी हायत. मोबाईल नंबर जुना हाय," ती म्हणाली. "आता नवा घेतलाय. तो घाला."

भाभींनी नंबर घातला. तिनं परत एकदा बघून घेतला, दवाखान्याचं कार्ड पर्समध्ये ठेवलं आणि जिना चढून डॉक्टर बाईंकडं गेली. मागं आणखी चार-पाच बायका थांबल्या होत्या. भाभींनी पुढच्या कार्डासाठी हात पुढं केला, आणि मी पिशवी उचलून वरच्या मजल्यावरच्या दुसऱ्या संगणकावर नवा प्रोग्रॅम बसवायला गेले.